वस्तादांची बेटकुळी

पत्रिकेवर ‘दंडाच्या कंडरेचे निदान व उपचार’ असा विषय छापलेला आहे; कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. तरी त्याआधी माझी एक जुनी तक्रार आपण ऐकून घ्यावी. आपल्याकडे चाळिशीनंतर खांदा धरला की शेजाऱ्यापासून औषध दुकानदारापर्यंत सगळे ‘फ्रोझन शोल्डर’ असे सांगून मोकळे होतात आणि रुग्ण महिनोन्‌महिने भिंतीवर बोटे चढवीत बसतो.

एकेकाळी खासबागेत कुस्त्या मारलेले एक वस्ताद आठ महिने असेच भिंत चढून माझ्याकडे आले. मी त्यांचा हात बाहेर वळवून पाहिला, तो पुरता वळला. गोठलेला खांदा असा वळत नाही. कुठे दुखते असे विचारल्यावर त्यांनी सगळा तळवा न ठेवता एकच बोट खांद्याच्या पुढच्या अंगाला टेकवले. बायसेप्स, म्हणजे बेटकुळीचा स्नायू, त्याच्या दोन मुळांपैकी लांब मुळाची कंडरा तिथेच, दंडाच्या हाडावरील खोबणीतून, रहाटावरच्या दोरासारखी वळून सांध्यात शिरते. हात सुमारे १० अंश आत वळवला की ती खोबण समोर येते; तिथे दाबून हात आतबाहेर फिरवला तर दुखरी जागाही बोटाखालून सरकते, आणि वस्तादांची ती सरकली. मात्र सोनोग्राफी आणि पुढे कदाचित शस्त्रक्रिया, एवढे शब्द उच्चारताच ते उठून गेले.

तीन आठवड्यांनी ते हसतच परतले. दुधाचा कॅन उचलताना खांद्यात ‘कट्’ असा आवाज झाला, दंड काळानिळा पडला, बेटकुळी कोपराकडे उतरली आणि दुखणे थांबले. ‘डॉक्टर, तुमचं काम कॅननं केलं की वो! आता फी कुणाला द्यायची?’ या उतरलेल्या बेटकुळीला पाठ्यपुस्तके कार्टूनमधल्या पॉपायचे नाव देतात. पालक खाणाऱ्या त्या खलाशाला बदामाची थंडाई मिळाली नसावी.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा उरलेले भराभर सांगतो. स्पीड यांची चाचणी आणि यर्गासन यांनी १९३१ मध्ये सांगितलेली चाचणी, या दोन्ही हाताला विरोध करून कंडरा दुखते का ते पाहण्याच्या चाचण्या उपयोगी आहेत, पण त्यांपैकी एकीवरच निदान ठरवू नये. ही कंडरा एकटी क्वचितच बिघडते. खांद्याच्या पुढचा, हात आत वळवणारा सबस्कॅप्युलरिस स्नायू वरच्या कडेला फाटला की ती खोबणीतून आत घसरते. हे घसरणे सोनोग्राफीत हात हलता असताना दिसते. सांध्याच्या आतले पाहायला एमआरआय लागतो.

उपचारात आधी भार कमी करणे, वेदनाशामक आणि व्यायाम. मग गरज पडल्यास स्टेरॉइडचे इंजेक्शन, तेही सोनोग्राफीखाली कंडरेच्या वेष्टनात, कंडरेत मुळीच नव्हे. एवढ्याने भागले नाही तर कंडरा सांध्यातून कापून सोडवतात किंवा सोडवून हाडाला खाली बांधतात. कॅनने केले ते पहिले. तरुण पैलवानाला किंवा दिवसभर पेचकस फिरवणाऱ्या कारागिराला सहसा दुसरे बरे, कारण तळहात वर वळवण्याची ताकद अधिक टिकते; मात्र सुमारे ६ आठवडे त्या हाताने वजन उचलायचे नाही.

वस्तादांचे दुखणे गेले, पण पाठीमागे नेलेला हात त्यांना कमरेपासून उचलता येईना. सबस्कॅप्युलरिसची ही चाचणी पहिल्या भेटीत मी केलीच नव्हती. तो स्नायू फाटलेला निघाला. तो आम्हाला शिवावा लागला, आणि त्याची फी मात्र कॅनला मिळाली नाही.