उष्णता वाचवणारा पडदा, बाष्पासकट

खोलीतली हवा बदलणाऱ्या वायुवीजन यंत्राचा कोअर, म्हणजे गाभा, हा एक चौकोनी ठोकळा असतो. आत पातळ पडदे एकावर एक रचलेत, मधल्या फटी जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. एका फटीतून ताजी हवा आत येते, शेजारच्या फटीतून खोलीतली कोंदट हवा बाहेर पडते. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. उष्णता आणि बाष्प मात्र पडदा ओलांडतात.

बाष्पाचा वाटा किती मोठा? समजा, बाहेर ३५ अंश सेल्सिअस आणि ६० टक्के आर्द्रता आहे. आत २५ अंश आणि ५० टक्के. बाहेरच्या हवेत किलोमागे सुमारे २१ ग्रॅम बाष्प असतं, आतल्या हवेत १०. बाहेरची हवा आतल्या पातळीवर आणायला किलोमागे साधारण ४० किलोज्यूल काढावे लागतात. त्यातला जवळपास तीन चतुर्थांश भार एकट्या बाष्पाचा. ॲल्युमिनियमच्या पत्र्यांचा कोअर त्याला जवळजवळ हातच लावू शकत नाही.

पॉलिमरच्या पडद्यात पाण्याचे रेणू विरघळतात, बाष्पदाब कमी असेल त्या बाजूला सरकतात आणि तिथल्या हवेत मिसळतात. कार्बन डायऑक्साइड बहुतांशी मागेच राहतो. थंडीत हीच वाट उलटी चालते: घरातला ओलावा परत मिळतो, आणि कोअरमध्ये बर्फही उशिरा धरतो.

बिघाड बहुतेक वेळा जोडणीत किंवा देखभालीत असतो. फिल्टर दोन्ही प्रवाहांत, कोअरच्या आधी असायला हवेत. स्वयंपाकघराच्या चिमणीचा डक्ट इथे कधीच जोडू नये. फिल्टर बसवल्यावरच दोन्ही प्रवाह मोजून सारखे करावेत. ताजी हवा जास्त झाली तर ती पुरेशी थंड न होताच आत शिरते.

तपासणीला तीन तापमानं पुरतात. बाहेर ३५, खोलीतून परतणारी हवा २५, आणि कोअरमधून आत येणारी २७.५ असेल, तर दहापैकी साडेसात अंश वाचले: ७५ टक्के. पण एवढ्यावर थांबू नका, तिन्ही ठिकाणची आर्द्रताही मोजा. पडद्यावर तेलकट थर बसला तरी उष्णता फारशी अडत नाही, कारण तिला खरा अडथळा पडद्यालगतच्या हवेचा असतो. बाष्प मात्र त्या थरापाशी अडतं. तापमान ठीक आणि आत येणारी हवा दमट, असं दिसलं तर आधी कोअर उघडून बघा. तो धुण्याजोगा आहे का, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पाणी लावू नका. कागदी कोअर पाण्याने कायमचा वाया जातो.