चौकातलं कोर्ट : टेक्सासच्या दगडी कोर्टहाऊसची गोष्ट

टेक्सास. अमेरिकेतलं हे एकच राज्य, पण त्यात काउंट्या आहेत २५४. काउंटी म्हणजे आपल्या तालुका-जिल्ह्यासारखा कारभाराचा विभाग. मुख्य गावात चौक, चौकाभोवती दुकानं आणि बहुतेक ठिकाणी मधोमध कोर्टहाऊस. खटले तिथेच चालतात. जमिनीचे दस्त, लग्नाचे परवाने यांसाठीही वर्षानुवर्षं लोक तिथेच येत आले.

१८८१ साली राज्याने काउंट्यांना कोर्टहाऊससाठी कर्जरोखे काढायची परवानगी दिली आणि बांधकामांचा धडाका सुरू झाला. त्यामागे चुरसही होती. शेजारचं गाव मुख्यालयाचा मान पळवेल, ही धास्ती खरी असायची. मनोऱ्याची दगडी इमारत एकदा उभी राहिली, की तो मान सहजासहजी हलत नसे.

(दृश्य : ला ग्रेंज, फेएट काउंटी)

हे कोर्टहाऊस १८९१ सालचं. वास्तुविशारद जेम्स रायली गॉर्डन तेव्हा तिशीचाही नव्हता. टेक्सासचा उन्हाळा कसा असतो हे त्याला ठाऊक होतं, म्हणून इमारतीच्या पोटात त्याने मोकळा चौक ठेवला. गरम हवा वर निघून जायची आणि आतल्या दालनांना उजेड मिळायचा. वीज नसतानाच्या काळातली ही हुशारी आजही थक्क करते.

पुढे जागा कमी पडू लागली, तसा तो चौकच बंद करून तिथे दप्तर ठेवायच्या खोल्या काढल्या. अशी कामं राज्यभर झाली. वातानुकूलन आलं, उंच छतांखाली खोटी छतं आली, खिडक्या बुजल्या. कुठे कुठे मनोरेही उतरवले गेले. दगडांच्या दरजांत चुन्याऐवजी सिमेंट भरलं गेलं. मऊ दगडाला ते सोसत नाही. ओल आत कोंडते आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. हे सगळं दुरुस्तीच्या नावाखाली झालं, याचं फार वाईट वाटतं.

(दृश्य : हिल्सबरो, हिल काउंटी)

१ जानेवारी १९९३. डब्ल्यू. सी. डॉडसनने बांधलेल्या १८९० सालच्या कोर्टहाऊसला आग लागली. घड्याळाचा मनोरा कोसळला, आतलं जवळपास सगळं गेलं. भिंती मात्र उभ्या राहिल्या. पाडून नवं बांधा, असं म्हणणं सोपं होतं. पण काउंटीने तीच इमारत पुन्हा उभारायचं ठरवलं. याच काउंटीत जन्मलेला गायक विली नेल्सन निधीसाठी गायला. १९९९ साली कोर्ट आपल्या जागी परतलं.

१९९८ मध्ये टेक्सासच्या कोर्टहाऊसची नोंद देशातल्या सर्वाधिक धोक्यातल्या वारसास्थळांत झाली होती. त्यानंतर वर्षभरातच राज्याने जतनासाठी अनुदान योजना सुरू केली. तिच्यातून आजवर सत्तरहून अधिक इमारतींचं काम पूर्ण झालं आहे. ला ग्रेंजचा बुजवलेला चौकही पुन्हा आभाळाकडे उघडला. कोर्टहाऊस पाडायचं किंवा बदलायचं असेल, तर काउंटीला राज्याच्या इतिहास आयोगाला सहा महिने आधी कळवावं लागतं. ही मुदत मला मोलाची वाटते. तेवढ्या काळात गाव जागं होऊ शकतं.

२०२१ च्या फेब्रुवारीत मेसन काउंटीचं कोर्टहाऊस कुणीतरी पेटवलं. जतनाच्या कामासाठी इमारत आधीच रिकामी केली होती, म्हणून दप्तर वाचलं. काउंटीने तेही पुन्हा उभारायला घेतलं. अशा कामांना पैसा लागतो आणि चुना, दगड, लाकूड जाणणारे कारागीरही लागतात. अनुदानासाठी येणारे अर्ज मात्र दरवेळी उपलब्ध निधीपेक्षा जास्तच असतात.