मी त घरीच असतो जी

नमस्कार मंडळी. सीतादहीची पूजा होऊन कापसाचा वेचा सुरू झाला असेल, म्हणजे हे ऐकताना कित्येक बायांच्या कमरेला ओटी बांधलेली असणार. रेडिओ बांधावर असेल तर आवाज जरा वाढवा. गोष्ट तुमचीच आहे.

पाहणीला आलेला माणूस दारात विचारतो, "बाई, काय काम करता?" बाई पदर सारखा करत म्हणते, "काही नाही जी, मी त घरीच असतो." तो तसंच लिहून पुढच्या दारी जातो. आणि ही बाई? पहाटे शेण काढून, पाणी भरून, भाकरी टाकून घरच्याच वावरात निंदायला गेलेली असते. मजुरी कोणी दिली नाही, मग ते काम कसलं!

केंद्र सरकारची श्रमबल पाहणी सांगते, खेड्यातल्या पंधरा वर्षांवरच्या शंभर बायांपैकी २०१७-१८ मध्ये जेमतेम २५ काम करत किंवा शोधत होत्या, २०२३-२४ मध्ये ४८ झाल्या. वाचून आनंद होतो. पण वाढीतला मोठा वाटा घरच्या शेतीत, घरच्या धंद्यात राबणाऱ्यांचा आहे, पगाराच्या नोकऱ्यांचा नव्हे.

२०१९ साली देशाने लोकांचा वेळही मोजला. घरकाम करणारी बाई तेव्हा त्यात दिवसाला २९९ मिनिटं घालवत होती, पुरुष ९७. तेही घरकामाला हात लावणारे पुरुष, म्हणजे चारातला एक. बाकीच्या तिघांची मिनिटं काय मोजायची!

आता शिक्षण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, देशभरात शाळा न पाहिलेल्या बाईला सरासरी २.८ मुलं, बारावी किंवा पुढे शिकलेलीला १.८. शिकली की लेकरं कमी, मग नोकरी, असा हिशेब आपण मांडतो. आपल्या गावात तो अर्ध्यावर अडतो. पोरींना शाळेत नेणाऱ्या, मानव विकास मिशनच्या निळ्या बसनं पोरगी बारावीपर्यंत जाते, पुढं लग्न होतं. शिकलेली सून वेच्याला धाडायची तर घरच्यांना कमीपणा वाटतो, आणि तिच्या शिक्षणाजोगं काम तालुक्यालाही मिळत नाही. मार्कशीट पेटीत राहते. अडाणी सासू वावरात, बारावी पास सून चुलीपाशी.

बाळंतपणाचंही तसंच. २०१७ पासून कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा आहे, पण दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या आस्थापनांत. वेचणारीला कुठली रजा? वेचा किलोवर असतो. निंबाखाली झोळीतल्या लेकराला पाजायला बसली, तेवढा कापूस कमी भरतो. हा तोटा कोणत्याच पाहणीत येत नाही.

२०२७ च्या जनगणनेचा माणूस दारी येईल. मायबहिणींनो, तेव्हा त्याला नीट सांगा: वावर करतो, ढोरं करतो, निंदतो, वेचतो. त्यानं ते लिहिलं का, तेही पाहा.