ग्लास भरलेलाच होता

नमस्कार श्रोतेहो. उलट्या-जुलाबाची साथ घरात शिरली की तरुण माणसं दोन-तीन दिवसांत उठून कामाला लागतात. म्हाताऱ्या माणसांचं तसं नसतं. वय झालं की तहानच नीट लागत नाही, मूत्रपिंडं पाणी राखण्यात कमी पडतात, आणि अंगात मुळात पाण्याचा साठाही कमी. म्हणून त्यांच्या तहानेची वाट बघू नका. पुन्हा सांगते, तहानेची वाट बघायची नाही.

हे मी आईच्या दुखण्यात शिकले. आई तेव्हा ८१ वर्षांची. पहाटेपासून चार जुलाब, दोन उलट्या. मी ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवलं, ग्लास भरून तिच्या उशाशी ठेवला आणि कामाला लागले. भाऊ येता-जाता विचारायचा, "आई, पाणी प्यालीस?" ती म्हणायची, "हो रे." संध्याकाळी तिने मला तिच्या धाकट्या बहिणीच्या नावाने हाक मारली. मला वाटलं, झोपेत आहे. तरी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, "लघवी शेवटची कधी झाली?" आम्ही बहीणभाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहिलो. तेवढ्यात माझी नजर उशाशी गेली. ग्लास काठोकाठ भरलेला. सकाळी ठेवला तसाच.

सलाईन लावावं लागलं. दुसऱ्या दिवशी भानावर आल्यावर आई म्हणाली, "पाणी प्यायलं की परत संडासला जायचं. तुम्हाला किती वेळा उठवू?"

श्रोतेहो, पाणी ठेवलं म्हणजे ते पोटात गेलं असं नाही. शेजारी बसा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा. किती प्यायलं आणि लघवी कधी झाली, कागदावर लिहा. आणि थरथरत्या हातात उंच, जड ग्लास देऊ नका हो! कानाचा हलका कप द्या. आजारपण नसतानाही द्या. घरोघरी म्हाताऱ्यांच्या हातात तो जड ग्लास बघून माझा जीव तुटतो.

पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ. मीठ अर्धाच चमचा, जास्त नको. साखरेच्या जोडीनेच आतडं मीठ आणि पाणी आत ओढून घेतं, म्हणून साखर गाळू नका. मधुमेह असेल, किंवा हृदयाच्या, मूत्रपिंडाच्या दुखण्यामुळे पाण्यावर बंधन असेल, तर डॉक्टरांना आधी विचारा. लघवी होण्याच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांचं काय करायचं, तेही त्याच फोनवर विचारून घ्या.

माणूस असंबद्ध बोलू लागला, उभं राहताना भोवळ आली, सात-आठ तास लघवी झाली नाही, घोटभरही पोटात टिकेना किंवा शौचातून रक्त पडलं, तर सकाळ होईपर्यंत थांबू नका. रात्रीच दवाखान्यात न्या.