गाडी नवी केली म्हणूनच बंद पडतेय

मागे आवाज येतोय ना? बरं. मग सुरू करू. सकाळी खाली एक मरून रंगाची जुनी जावा मोटरसायकल टेम्पोतून उतरली, बघितली असेल सगळ्यांनी, क्रोम असं की त्यात बघून दाढी करावी. दोन महिन्यांपूर्वी रिस्टोअर झाली, म्हणजे खोलून पुन्हा नव्यासारखी केली, मालक इथे तिसऱ्या रांगेत बसलेत आणि त्यांना विचारूनच बोलतोय. गाडी दिवसा ठणठणीत चालते, रात्री घरी परतताना मिसिंग मारायला, म्हणजे अडखळायला लागते आणि पाच-दहा मिनिटांत बंद. चहाच्या वेळी किमान सहा जणांनी त्यांना सांगितलं, कार्बोरेटर साफ करा. त्यांनी तो तीनदा साफ केलाय. या गाडीकडे आपण शेवटी येऊ.

मी काही इंजिनिअर वगैरे नाही. वडिलांची जावा होती, मैसूरवाली, आयडियल जावा कंपनीची, ती पंधरा वर्षं गोठ्यात पडून होती ती मी उभी केली, आणि उभी केल्यावर पहिल्या चार महिन्यांत ती जेवढ्या वेळा रस्त्यात बंद पडली तेवढी वडिलांच्या अख्ख्या हयातीत पडली नसेल. तेव्हा मला एकच गोष्ट कळली आणि तीच आज सांगतोय. जुनी गाडी जुनेपणामुळे बंद पडते हे खरं, पण नुकती रिस्टोअर केलेली गाडी बंद पडते ती आपण तिला जे नवीन केलं त्यामुळे. म्हणजे संशय पहिला कुणावर, तर ज्या गोष्टीला शेवटचा हात लागला तिच्यावर.

उदाहरण घ्या. सगळ्यात सुंदर काम कुठलं होतं रिस्टोरेशनमध्ये? पावडर कोटिंग. फ्रेम चकाचक, इंजिनचे बोल्ट नवीन, आणि अर्थिंग गेलं. पूर्वी गंजलेली फ्रेम आणि इंजिन एकमेकांना धातूला धातू लागून होते, आता मधे रंगाचा जाड थर. मग हॉर्न मारला की हेडलाइट मंद होतो, इंडिकेटर बसवले असतील तर ते स्वतःच्या मनाने चालतात, आणि आपण बॅटरी बदलतो, मग प्लगला करंट देणारी कॉइल बदलतो. अहो, एक जाड वायर घ्या, बॅटरीच्या अर्थिंगच्या टोकापासून थेट इंजिनच्या बोल्टला, बोल्टखालचा रंग पॉलिश पेपरने खरवडून. चमकणारा धातू दिसला पाहिजे. खर्च वडापावएवढा. मी याच्यासाठी दोन कॉइल घेतल्या होत्या, दोन्ही चांगल्या होत्या, अजून घरी आहेत.

दुसरं, टाकीचं झाकण. हे मला फार आवडतं कारण हे कुणाला सुचतच नाही. झाकणाला एक बारीक भोक असतं, पेट्रोल खाली गेलं की वरून हवा आत यायला. क्रोमवाल्याने ते बुजवलं किंवा नवीन जाड रबरी वायसर बसला की टाकीत हवा येत नाही. मग गाडी सात-आठ किलोमीटर मस्त चालते, नंतर पेट्रोल संपल्यासारखी गुरगुरून मरते. थांबून वाट बघितली की पुन्हा चालू. बंद पडल्या पडल्या, लगेच, झाकण उघडा. फुस्स झालं? सापडलं. त्याच मिनिटाला करायचं हे, चहा पिऊन आल्यावर काही कळणार नाही.

आणि इथे जरा थांबतो, कारण टू स्ट्रोकवाल्यांसाठी हे फक्त बंद पडण्यापुरतं नाही. आपल्या गाडीत ऑइल पेट्रोलमधूनच जातं. पेट्रोल कमी म्हणजे ऑइल कमी. झाकण बंद, टाकीखालच्या पेट्रोलच्या कॉकमध्ये कचरा, कार्बोरेटरचा जेट अर्धा चोक, काहीही असो, गाडी ताणून ओढत राहिलात तर नव्या बोअरिंगचं पिस्टन उपाशीच पळतंय. घाटात पिस्टन धरतं, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकतं, ते असं. चढावर नाही, बरेचदा उतारावर! खंबाटकी उतरताना थ्रॉटल पूर्ण बंद, गिअर तिसरा, इंजिन पाच-सहा मिनिटं जोरात फिरतंय आणि आत थेंबभर मिश्रण. म्हणून जुने लोक उतारावर मधूनमधून क्लच दाबून थ्रॉटल मारायचे, आपल्याला वाटायचं शायनिंग मारतायत. नव्या बोअरला पहिले पाचशे किलोमीटर मी लिटरमागे ५० मिली ऑइल घालतो, नंतर ४०. धूर होतो, बायको ओरडते, होऊ दे. आणि धरायला लागलंच, म्हणजे गाडी अचानक जड झाली, आवाज बदलला, तर पहिला हात क्लचवर. ब्रेक नंतर.

पेट्रोलचं आता अजून एक झालंय. २०२५ पासून पंपावर जवळपास सगळीकडे २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं. ही गाडी बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही ते नव्हतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, पावसाळाभर गाडी उभी ठेवली तर ते पाणी तळाशी बसतं, आणि तळाशीच कॉक. त्यात इथेनॉलमुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, तेव्हा प्लग पांढरट दिसायला लागला तर मेन जेट एक नंबर मोठा टाकून बघा. माझ्या टाकीला आतून मी जे लायनिंग केलं होतं, घाईत, आतून नीट सुकायच्या आधी, ते एक दिवस सुटलं. दुधावरच्या सायीसारखे तुकडे तरंगत होते. कॉकची जाळी काढली तर तिथे साय चिकटलेली. कुणाला दोष देणार, डबा मीच ओतला होता.

पॉइंट आणि कंडेन्सरचं पटकन सांगतो, म्हणजे ठिणगीसाठी करंट तोडणारी जोडी आणि तिच्यासोबतची छोटी डबी. पॉइंटची गॅप ०.४ मिलीमीटरच्या आसपास, फीलर गेजने, नखाने नाही. नवीन पॉइंटची फायबरची टाच आधी झिजते, त्यामुळे गॅप आपोआप कमी होते, दोनशे किलोमीटरवर पुन्हा बघायचीच. कंडेन्सर मात्र फसवा असतो. थंड असताना चालतो, गरम झाला की झोपतो, अर्ध्या तासाने पुन्हा जागा. उजवं कव्हर काढून इंजिन चालू ठेवा आणि संध्याकाळच्या अंधारात पॉइंटकडे बघा, तिथे मोठ्या निळ्या ठिणग्या चरचरत असतील तर कंडेन्सर गेला. आणि नवीन आणलेला चांगला असेलच असं समजू नका. जुन्या बाजारात रविवारी मिळालेला जुना काळपट कंडेन्सर माझ्या गाडीत आठ वर्षं चालतोय, डबीतले चकचकीत तीन गेले.

धुराचं कुणीतरी विचारलं होतं. पांढरा दाट धूर थांबतच नाही आणि गिअरबॉक्सचं ऑइल कमी होतंय, तर क्रँकचं डावीकडचं सील. ते ऑइल इंजिन ओढून घेतंय. उजवीकडचं, वीज तयार करणाऱ्या डायनामोच्या बाजूचं गेलं तर ऑइल नाही, हवा ओढते, मग थ्रॉटल सोडला तरी गाडी भुंकत राहते, रेस खाली येत नाही. ही लक्षणं दिसली तर पुढे चालवू नका, पातळ मिश्रणावर पिस्टनला भोक पडतं.

आता मरून जावा. दिवसा चालते, रात्री बंद. कार्बोरेटरला दिवस-रात्र कळत नाही. रात्री काय बदलतं? हेडलाइट. या गाडीचं इग्निशन बॅटरीवर आहे, आणि जुना सहा व्होल्टचा डायनामो साधारण ४५ वॅटचा. मी मघाशी मालकांना विचारलं, बल्ब कुठला? तर म्हणाले, रिस्टोअर करताना पिवळट उजेड आवडला नाही म्हणून हॅलोजन टाकला. किती वॅटचा? माहीत नाही. पस्तीस जरी धरला, मागचा दिवा पाच, झाले चाळीस, आणि कॉइल राहिलीच की, ब्रेक दाबला की तो दिवा वेगळा. डायनामो भरत नाही तेवढं बॅटरी देते, हळूहळू ती रिकामी, स्पार्क पिवळा, मिसिंग, बंद. मग सकाळी घरी चार्जरला लावली की गाडी ठणठणीत, म्हणून कुणाला संशय येत नाही. मी विचारलं, चालताना हेडलॅम्पवरचा चार्जिंगचा लाल दिवा विझतो का हो? तर म्हणाले, तो थोडा थोडा पेटलेलाच असतो, मला वाटलं तसाच असतो.

नाही हो काका, रेस दिली की तो विझायला हवा. म्हणजे बल्ब एकीकडे, पण चार्जिंगच पूर्ण नाहीये, ब्रश घासले असतील, रेग्युलेटरचे पॉइंट चिकटत असतील, नाहीतर तीच अर्थिंगची वायर. मीटर आहे माझ्याकडे. गाडी चालू करून रेसवर बॅटरीला सात व्होल्टच्या वर दिसतात का बघू, मग हेडलाइट लावून पुन्हा बघू. तो आकडा कळेपर्यंत काही उघडायचं नाही, आणि कार्बोरेटरला तर कुणी हात लावायचाच नाही. चला खाली, चहावाल्यालाही तिकडेच बोलवा.