वासुलूचा आवाज: उमू सांगारे

श्रोतेहो, नमस्कार. आज पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशाच्या गायिका आणि गीतकार उमू सांगारे यांच्याविषयी. जन्म १९६८ चा, राजधानी बामाकोमधला. त्या दोन वर्षांच्या असताना वडील घर सोडून गेले. आई लग्नाबारशांत गायची. उमूंनी रस्त्यावर पाण्याच्या पिशव्या विकल्या, शाळा सुटली आणि आईसारखंच समारंभांत गाणं हे पोटापाण्याचं साधन झालं.

मालीत गाणं हा परंपरेने जेली घराण्यांचा व्यवसाय. थोरामोठ्यांच्या वंशावळी आणि स्तुती गाणं हे त्यांचं काम. दक्षिणेकडच्या वासुलू प्रदेशात मात्र कुणी गावं हे जन्मावर ठरत नाही. उमूंचं मूळ तिथलं. बिरुदावली गायचं बंधन नव्हतं, म्हणून सवत आणि मनाविरुद्धचं लग्न हे विषय त्या थेट गाण्यात आणू शकल्या. माझ्या मते त्यांच्या यशाचं खरं मूळ इथे आहे.

त्यांचं मुख्य वाद्य कामेलेन्गोनी. मोठा भोपळा अर्धा कापायचा, तोंडावर बकऱ्याचं कातडं ताणायचं, लांब दांडा बसवायचा आणि सहा तारा लावायच्या. शिकाऱ्यांच्या विधीतल्या दोन्सोन्गोनीवरून तरुणांनी हे नाचगाण्यासाठी घडवलं. आकार लहान, पट्टी चढी. हवा दमट झाली की कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. तारा पाच स्वरांत लावलेल्या असतात, त्यामुळे भूप, मालकंस ऐकणाऱ्या आपल्या कानांना ही चाल चटकन धरता येते. सोबत कारिन्यान, म्हणजे खाचा पाडलेली लोखंडी नळी, सळईने घासत लय धरते.

१९८९ साली आयव्हरी कोस्टमधल्या आबिजान शहरात ‘मुसोलू’ हा त्यांच्या गाण्यांचा संग्रह ध्वनिमुद्रित झाला. संगीत संयोजक आमादू बा गिंदो यांनी गिटार, बास घेतले, सोकू या घोड्याच्या केसांच्या, गजाने वाजवायच्या वाद्याऐवजी व्हायोलिन घेतलं. कणा मात्र कामेलेन्गोनीचाच ठेवला. कॅसेटच्या दोन लाखांवर प्रती खपल्या. त्यातल्या ‘जाराबी नेने’ने खळबळ उडवली, कारण त्यात बाई प्रेमाची आणि शरीराची ओढ उघड बोलून दाखवते.

मालीचेच गिटारवादक अली फार्का तुरे यांच्या शिफारशीने लंडनच्या वर्ल्ड सर्किट या रेकॉर्ड कंपनीने हा संग्रह १९९१ मध्ये जगभर नेला. पुढे ‘को सिरा’, ‘वोरोतान’ हे संग्रह, २००१ मध्ये युनेस्कोचा संगीत पुरस्कार. २०१९ मध्ये बियॉन्सेने ‘जाराबी नेने’चा तुकडा आपल्या गाण्यात वापरला.

ऐकायला सुरुवात ‘मुसोलू’नेच करा. उमूंच्या प्रत्येक ओळीला मागच्या बायका कसं उत्तर देतात, तिकडे कान असू द्या.