परवान्यावर नाव कुणाचं?

नमस्कार, श्रोतेहो. आजचं बोलणं कंपन्यांच्या संचालकांसाठी आहे. कारखान्याच्या कागदपत्रांत 'भोगवटादार' असा एक रकाना असतो. कारखान्यावर अंतिम ताबा ज्याचा, आणि म्हणून कायद्यापुढे जबाबदार जो, तो भोगवटादार. बोलताना सगळे ऑक्युपायरच म्हणतात. कंपनी असेल तर या रकान्यात संचालकाचंच नाव लागतं. भोपाळच्या वायुकांडानंतर, 1987 मध्ये, कारखाना अधिनियमात तशी दुरुस्ती झाली. तरीही कित्येक कंपन्या एखाद्या जनरल मॅनेजरला पुढे करत राहिल्या. 1996 मध्ये जे. के. इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं ती पळवाट बुजवली. 21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या अधिनियमाच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आली. तिथेही हेच आहे, फक्त स्वतंत्र संचालक, म्हणजे कंपनीशी आर्थिक हितसंबंध नसलेले, वगळलेत.

म्हणजे ऑफिस नरिमन पॉइंटला असलं तरी तारापूरच्या रासायनिक कारखान्यातल्या रिॲक्टरचा, म्हणजे रसायनांची प्रक्रिया होते त्या बंद टाकीचा, जाब तुम्हा संचालकांनाच द्यायचा. नव्या संहितेत कर्तव्य चुकल्यामुळे कामगार दगावला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा किमान 5 लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. दंडाची निम्मी किंवा त्याहून जास्त रक्कम वारसांना द्या, असं न्यायालय सांगू शकतं. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम 106 आहेच. निष्काळजीपणानं मृत्यू घडवला तर पाच वर्षांपर्यंत कैद. भोपाळच्या खटल्यात 2010 मध्ये शिक्षा झालेल्यांत कंपनीचे अध्यक्षही होते, हे लक्षात असू द्या.

"मी सेफ्टी ऑफिसर नेमला होता," हे उत्तर अनेकांच्या तोंडी तयार असतं. ते पुरत नाही. जुन्या कायद्याच्या कलम 101 मध्ये सुटकेची वाट होती, पण अरुंद. कायदा पाळला जावा म्हणून आपण पुरेशी दक्षता घेतली, आणि चूक दुसऱ्यानं आपल्या नकळत, आपल्या संमतीशिवाय केली, हे दोन्ही भोगवटादारानंच सिद्ध करायचं. आता समजा, प्रेस मशीनमध्ये हात सापडू नये म्हणून गार्ड बसवायचं कोटेशन आठ महिने खरेदी विभागात पडून आहे आणि त्यावर तुमच्याच अक्षरात लिहिलंय, 'पुढच्या वर्षी बघू'. मग 'नकळत' म्हणायला तोंड कुठे राहतं? रिसेप्शनवर फ्रेम करून लावलेलं आयएसओ सर्टिफिकेट त्या दिवशी काही कामाचं नाही.

म्हणून संचालक मंडळाच्या बैठकीत अपघातांचा आकडा विचारून थांबू नका. शून्य आकडा खूपदा न नोंदवलेल्या किरकोळ अपघातांचा असतो. सुरक्षेचे किती खर्च मागितले, किती अडले, कुणी अडवले, ते विचारा आणि इतिवृत्तात घ्या.

आणि महिन्यातून एकदा प्लांटवर जा. रिॲक्टर साफ करायला माणूस आत उतरणार असेल, तर परमिट, म्हणजे आत उतरायचं परवानगीपत्र, केबिनमध्ये मागवू नका, मॅनहोलपाशी उभं राहून वाचा. त्यावर गॅस टेस्टची, म्हणजे आतल्या हवेच्या तपासणीची, वेळ सकाळी साडेआठची आणि माणूस उतरतोय जेवणानंतर, असं दिसलं तर तिथेच काम थांबवा. नुसती ज्वलनशील वायूची टक्केवारी लिहिली असेल तर ऑक्सिजन किती, ते विचारा. हवेत तो 20.9 टक्के असतो, 19.5 च्या खाली कुणी उतरायचं नाही. रिॲक्टरमध्ये सोडलेला नायट्रोजन ऑक्सिजनला हटवतो. त्याला ना वास ना रंग, माणूस दोन-चार श्वासांत कोसळतो. नायट्रोजनच्या लाइनचा नुसता व्हॉल्व्ह बंद केलाय की लाइन सोडवून ब्लाइंड, म्हणजे तोंड बंद करणारी पोलादी चकती, टाकलीय, ते डोळ्यांनी बघा, कारण व्हॉल्व्ह गळतात. आतला हातदिवा 24 व्होल्टचाच हवा.

मग मॅनहोलबाहेर लक्ष ठेवायला उभ्या असलेल्या माणसाला विचारा, "आतला पडला तर काय करशील?" "लगेच उतरेन" असं तो म्हणाला, तर दोघे जातील. त्याच्या हातात आतल्याच्या बेल्टला बांधलेल्या दोरीचं टोक हवं, शेजारी अंगावर चढवायचं श्वसनयंत्र हवं, आणि ते चढवायचा सराव त्यानं याआधी केलेला हवा.